न्यूटनवर सगळं भागत होतं, मग आईन्स्टाईनने नेमकं बदललं काय?

अर्धवट_वाचक
मंडळी एक बेसिक शंका आहे, हसू नका. शाळेत न्यूटनचं गुरुत्वाकर्षण शिकलो, तेवढ्यावर माणसं चंद्रावर जाऊन आली, ग्रहणांच्या वेळा कितीतरी वर्षं आधी काढता येतात. मग आईन्स्टाईन आला आणि म्हणे सगळं उलटंपालटं झालं. प्रत्येक व्हिडिओत तीच ती ताणलेली रबरी चादर, मधे जड गोळा आणि भोवती फिरणाऱ्या गोट्या. दहा वेळा बघितलं पण माझी गाडी दर वेळी एकाच जागी अडते, की तो गोळा मुळात खाली दबतो कशाने? खालून कोण ओढतंय त्याला? म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं ना! आणि दुसरं, विश्वाबद्दलची आपली समज याने खरंच बदलली का नुसती आकडेमोड जास्त अचूक झाली? गणित कच्चं आहे, सोप्यात सांगा.

तिरका_अक्ष
चादरीवरचा आक्षेप एकदम रास्त आहे, माझाही त्या चादरीवर जुना राग आहे. तिच्यात वेळ दाखवतच नाहीत आणि खरी गंमत तर वेळेतच आहे. जमिनीजवळ वेळ जरा सावकाश चालतो, उंचावर जरा भरभर. ही नुसती थिअरी नाही हां, २०१० साली अमेरिकेतल्या निस्ट प्रयोगशाळेत दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटीमीटर वर उचललं आणि ते दुसऱ्याच्या पुढे पळताना मोजता आलं. पायरीभर उंचीचा फरक!

आता हातातून किल्ली सुटली तर न्यूटन म्हणणार पृथ्वीने ओढली. आईन्स्टाईन म्हणतो कोणीच ओढली नाही, ती आपल्या परीने सरळच चाललीय, पण अवकाश आणि काळ मिळून जे काही आहे तेच इथे वाकलेलं आहे म्हणून तिची सरळ वाट आपल्याला खाली येताना दिसते. उलट तुम्ही खुर्चीत बसलाय ना, तर ती खुर्चीच तुम्हाला सतत वर ढकलतेय. हे डोक्यात बसायला मला काही महिने लागले, एका रात्रीत नाही कळलं तर वाईट वाटून घेऊ नका.

विकला_मोजणारा
"नुसती आकडेमोड" म्हणालात म्हणून बुधाची गोष्ट सांगतो. बुधाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू फिरत जातं. न्यूटनच्या नियमाने बाकीच्या ग्रहांची ओढ धरून हिशोब केला तरी या फिरण्यातल्या १०० वर्षांत ४३ विकला उरतात. एका अंशात ३६०० विकला, म्हणजे या उरलेल्या फरकाने एक पूर्ण चक्कर मारायची तर साधारण ३० लाख वर्षं जातील, इतकं ते बारीक आहे! पण आकडा जुळत नाही म्हणजे नाही. फ्रान्समधल्या ले व्हेरियेने १८५९ मध्ये हा घोळ दाखवला आणि सूर्याजवळ अजून एखादा ग्रह लपला असणार म्हणाला, त्याला व्हल्कन असं नावही पडलं. त्याच माणसाने असंच गणित करून नेपच्यून शोधायला लावला होता त्यामुळे लोकांचा विश्वास बसला, पुढे कित्येक वर्षं लोक दुर्बिणी लावून व्हल्कन शोधत बसले. नसलेला ग्रह सापडणार कुठून. नोव्हेंबर १९१५ मध्ये आईन्स्टाईनने आपल्या समीकरणांतून तेच ४३ काढले, कुठलाही आकडा मागून न चिकटवता.

उलटी_बाजू
वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नाचं उत्तर मला वेगळ्या जागी दिसतं. न्यूटनच्या वेळी अवकाश म्हणजे स्टेज, त्यावर ग्रहतारे नाचणार, स्टेज जिथल्या तिथे. आईन्स्टाईनने स्टेजलाच नाटकात घेतलं, आणि एकदा घेतलं की ते ताणणार, थरथरणार, फाटणार, हे ओघाने आलंच. पण खुद्द आईन्स्टाईनलाच यातलं निम्मं पटत नव्हतं!

विश्व स्थिर आहे असं तेव्हा सगळे धरून चालायचे, समीकरणं तसं सांगेनात म्हणून त्याने १९१७ मध्ये विश्व जागच्या जागी धरून ठेवणारं एक जादा पद घातलं, वैश्विक स्थिरांक. १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन या गणितज्ञाने दाखवलं की विश्व प्रसरणही पावू शकतं, तर आईन्स्टाईनने त्याचं गणित चुकलं म्हणून छापलं आणि पुढच्या वर्षी ते मागे घेतलं. १९२७ मध्ये बेल्जियमचा लमेत्र हा शास्त्रज्ञ तेच सांगत आला, त्यालाही हाकललं (म्हणजे, पटत नाही म्हणून सांगितलं). १९२९ मध्ये हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने दीर्घिका दूर पळतायत हे दाखवल्यावर मग गडी नरमला आणि तो स्थिरांक काढून टाकला. कृष्णविवरांचं (ज्यांच्यातून प्रकाशही सुटत नाही) तेच, १९३९ मध्ये अशी वस्तू प्रत्यक्षात बनू शकत नाही म्हणून पेपर लिहिला. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचा फोटो आला, वजन ६५० कोटी सूर्यांइतकं. गुरुत्वलहरींवरही, म्हणजे अवकाशाच्या त्या थरथरीवरही, १९३६ मध्ये डळमळला होता, त्या १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पकडल्या, प्रोटॉनच्याही हजारपट छोटी थरथर ४ किलोमीटर लांबीच्या नळीत. माणसापेक्षा समीकरणं धीट निघाली.

तिरका_अक्ष
@उलटी_बाजू तो काढलेला स्थिरांक १९९८ नंतर परत आला हे राहिलं की. लांबच्या सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) मोजल्या तर प्रसरण वेग घेतंय असं निघालं, मग तेच पद पुन्हा माळ्यावरून खाली काढलं.

अर्धवट_वाचक
बापरे, इतकं येईल वाटलं नव्हतं, किल्लीवाला भाग अजून चावतोय. एक राहिलं, प्रकाशाला वजनच नाही तर तो सूर्याजवळ वाकतो कसा? १९१९ च्या ग्रहणात तेच बघितलं ना?

विकला_मोजणारा
वाट वाकडी असेल तर वजन असो नसो, जाणारा वाकणारच. पण ह्यातली खरी मजा आकड्यात आहे. १९११ मध्ये आईन्स्टाईनने फक्त वेळेचा परिणाम धरला होता, ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना किती वाकेल याचं उत्तर आलं जेमतेम ०.८ विकलांच्या वर. ते तपासायला ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी फ्रॉइंडलिश नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ टीम घेऊन तेव्हा रशियात असलेल्या क्रिमियाला पोचला आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं, रशियनांनी माणसं धरली आणि सामान जप्त. कीवजवळ अमेरिकन टीम होती, तिला ढग आडवे आले. नंतर १९१५ मध्ये अवकाशाचंही वाकणं हिशोबात आलं आणि आकडा दुप्पट झाला, १.७५. एडिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या मोहिमेने २९ मे १९१९ च्या ग्रहणात सूर्याजवळच्या ताऱ्यांचे फोटो घेतले ते याच आकड्याच्या बाजूने गेले. १९१४ ला आकाश मोकळं असतं आणि युद्ध नसतं तर ग्रहणाने आईन्स्टाईनलाच चूक ठरवलं असतं, बिचाऱ्या फ्रॉइंडलिशची दुर्बीण जप्त झाली ती आईन्स्टाईनच्या पथ्यावर पडली.