'क्रूझिंग'ला मराठीत काय म्हणाल? विहार, सफर की आणखी काही?

अनुवादवाट:
शिडाच्या लहान होड्यांवरचं एक हस्तपुस्तक मराठीत आणतेय. 'रेसिंग'ला शर्यत आहेच, तिथे अडलं नाही. अडलंय 'क्रूझिंग'पाशी, म्हणजे शर्यत नसताना होडीने दूरवर जाण्यापाशी. पहिल्या खर्ड्यात शब्द तसाच ठेवला होता. मैत्रिणीला वाचायला दिलं, तर तिने समासात लिहिलं, "एवढ्याशा होडीत लोक आठवडाभर राहतात कुठे?" तिच्या डोळ्यांपुढे बारा मजली जहाज उभं राहिलं होतं. क्रूझ म्हटलं की आता मराठीत तेच दिसतं.

मग 'नौकाविहार' केलं. यावर वडील रागावलेच. ते तरुणपणी खूप वर्षं शिडाच्या होडीतून हिंडलेत. म्हणाले, "विहार राजहंस करतात. आम्ही रात्रभर पाणी उपसत होतो." अडलेलं वाक्य साधारण असं आहे: शर्यतीत होडी जिथून निघते तिथेच परत येते, क्रूझिंगमध्ये ती कुठेतरी पोचते. इथे कुठला शब्द बसेल?

स्वभाषा:
जलपर्यटन. अर्थ स्वच्छ आहे, घडण आपली आहे, कुणालाही कळेल.

डोलकाठी:
जलपर्यटनात तिकीट काढून बसलेला माणूस दिसतो, शीड ओढणारा दिसत नाही.

मी शर्यतवाला, माझी बाजू आधी सांगतो. शर्यत म्हणजे वेग आणि बाकी सगळं म्हणजे रमतगमत, अशी वाटणी मनात ठेवून शब्द शोधलात तर तो चुकीचाच सापडेल. शर्यतीची सुरुवात आठवून बघा. पाण्यावर रेषा काढलेली नसते. ती बोया आणि पंचांची बोट यांच्यामध्ये मनानेच ओढायची. पाच मिनिटं उरताना पहिलं निशाण चढतं, चार उरताना दुसरं. एक मिनिट उरलं की दुसरं उतरतं. त्या शेवटच्या मिनिटात सगळ्या होड्या रेषेच्या अलीकडे थोपवलेल्या असतात. होडीला ब्रेक नाही. शिडाचा दोर सैल सोडायचा, शीड नुसतं फडफडत ठेवायचं, होडी वाहायला लागली की वीतभर दोर ओढून तिला पुन्हा जागेवर आणायचं. लेझर नावाच्या एकट्याने चालवायच्या होडीचं शीड ७.०६ चौरस मीटरचं असतं. ते फडफडताना बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्याशेजारी आपटत असते आणि आपण ओठांत सेकंद मोजत असतो. शर्यतीतला सगळ्यात कठीण भाग हा, म्हणजे जागेवर थांबणं.

पुढेही नियमच. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला डावीकडून वारा घेणारीने वाट द्यायची. चुकलात तर बहुतेक शर्यतींत स्वतःहून दोन गिरक्या घ्यायच्या. शर्यतीचा गाभा वेगात नाही, अटींत आहे.

मूळाक्षर:
डोलकाठी, तुम्ही नकळत शब्दाच्या मुळाशी पोचलात. शर्यत हा शब्द अरबी 'शर्त'वरून आला, आणि शर्त म्हणजे अट. 'अटी-शर्ती' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. 'प्रयत्नांची शर्थ' हीसुद्धा त्याच घरातली. मराठीने एका शब्दाचे तीन करून तिघांना वेगळी कामं दिली.

शिडाच्या शर्यतींचा इतिहासही पैजेपाशीच जातो. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी टेम्स नदीत आपापल्या यॉट पळवल्या. ग्रीनिचहून ग्रेव्हसेंडला जाऊन परत, पैज १०० पौंडांची. आता 'यॉट' पाहा. तो डच शब्द आणि मुळात अर्थ शिकार, पाठलाग. 'क्रूझ'ही डचच, 'क्रॉईस' म्हणजे क्रूस यावरून. क्रूझ म्हणजे आडवंतिडवं ओलांडत जाणं. वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाण्याला जर्मन खलाशी आजही 'क्रॉइत्सन' म्हणतात. यावरून मला 'येरझारा' सुचतो.

भरती_ओहोटी:
येरझारा नको हो! दवाखान्याबाहेर घालतात त्या येरझारा. त्या शब्दात काळजी भरलेली आहे.

मी शर्यती सोडून या बाजूला आले, म्हणून चार शब्द जास्त. वेफेअरर नावाची होडी आहे, ४.८२ मीटर लांब, इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आराखडा केलेली, वर छप्पर नसलेली. तिच्या शर्यतीही होतात. आणि तसल्याच उघड्या होडीतून फ्रँक डाय १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले, पुढच्या वर्षी नॉर्वेला. होडी तीच. तिच्याकडून मागतो काय, एवढाच फरक. शर्यतीत मार्ग दुसऱ्याने आखलेला असतो, आणि वारा फारच वाढला तर शर्यत रद्द करायला पंच असतात. इथे जायचं की नाही, कधी वळायचं, रात्री कुठे थांबायचं, सगळ्याला जबाबदार आपण.

माझी पहिली रात्र सांगते. ओहोटी लागलेली, पाणी गुडघाभर. शीड गुंडाळून बूमवरून ताडपत्री टाकली, तंबू झाला. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, वर घेतला होता, सुकाणू काढायचं राहिलं. पाणी उतरलं तशी होडी चिखलात टेकायला लागली आणि सुकाणूचं पातं करकरलं. टॉर्च तोंडात धरून, पालथी पडून, थंड पाण्यात हात कोपरापर्यंत घालून ते काढलं. मग होडी एका कुशीवर शांत बसली. पहाटे भरतीने तिला अलगद उचललं त्याने जाग आली. याला 'विहार' म्हणवत नाही आणि 'सहल' तर नाहीच.

माझा शब्द आहे मजल. 'मजल दरमजल करत' आपण म्हणतोच. मजल म्हणजे एका दिवसाची वाट आणि शेवटी मुक्काम. क्रूझिंग तेच आहे.

अनुवादवाट:
मजल! वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. पण नाम म्हणून कसं वापरू? 'शर्यत आणि मजल' हे प्रकरणाचं नाव झालं तर वाचक गोंधळेल का?

डोलकाठी:
गोंधळेल. 'मजल मारली' म्हटलं की काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. 'त्याची मजल कुठवर गेली' हे तर रागानेच म्हणतात. त्यापेक्षा सफर घ्या. 'शिडाची सफर'. साधं आहे, बोलताना तोंडात येतं.

स्वभाषा:
सफर अरबी, मजल अरबी, शर्यत अरबी. शिडाच्या होडीबद्दल बोलायला मराठीत स्वतःचं काहीच नाही का? 'सागर परिक्रमा' हे आपल्या नौदलाने वापरलेलं नाव किती देखणं आहे! त्याच धर्तीवर नौकाभ्रमण किंवा सागरभ्रमंती का नको?

मूळाक्षर:
परिक्रमा म्हणजे भोवती फिरून मूळ जागी येणं. दिलीप दोंदे (२००९-१०) आणि अभिलाष टॉमी (२०१२-१३) शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीभोवती गेले, तिथे तो शब्द नेमका आहे. इथे वाक्यच म्हणतंय की होडी दुसरीकडे पोचते.

आणि अरबी-फारसी काढून टाकायची तर होडीत उरेल काय? सुकाणू अरबी. नाखवा फारसी 'नाखुदा'वरून. नांगराची गोष्ट तर फारच सुंदर आहे. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, होडीचा नांगर फारसी 'लंगर'वरून. दोन दिशांनी येऊन दोघे मराठीत एकाच शब्दात बसले, आणि आपल्याला शंकाही येत नाही. हे शब्द दर्यावर्दी लोकांनी कामापुरते उचलले आणि घासून आपले केले. त्यांना परके म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे.

स्वभाषा:
अन्याय करायचा नाहीच. पण रुळलेला शब्द ठेवणं वेगळं आणि आज नवा शब्द घडवताना आपल्या मुळांकडे आधी न पाहणं वेगळं. माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. आणि 'होडी' तरी आपलीच ना? पैज या अर्थाचा जुना मराठी शब्द 'होड'. होडीच मुळात शर्यतीची असावी असं मला फार दिवस वाटतंय.

मूळाक्षर:
मोह पडतो खरा, पण पटत नाही. पैजेची होड वेगळी. संस्कृत कोशांत 'होड'चा अर्थ तराफा, नाव असाही दिलेला आहे. होडीला तेवढं पुरेसं आहे, पैजेतून वळसा कशाला?

भरती_ओहोटी:
तुमचं होडीचं चालू द्या, मी एक माणूस मध्ये आणते. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मॉयतेसिए. १९६८-६९ ची एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी पोचले आणि जिंकले. मॉयतेसिएही जिंकण्याच्या अंतरात होते. पण त्यांनी जवळून जाणाऱ्या जहाजावर गलोलीने निरोप फेकला, शर्यत सोडली आणि ते पार पॅसिफिकमधल्या ताहितीपर्यंत जात राहिले. ना होडी बदलली, ना शीड. निरोप फेकण्याआधीच्या प्रवासाला एक शब्द आणि नंतरच्याला दुसरा लागतो. तो दुसरा शब्द मला हवाय, आणि 'जलपर्यटन' तो नाही.

डोलकाठी:
यावर मी गप्प. फक्त एवढंच, शर्यतीत वाऱ्याचा एकेक झोत वाचायला शिकले नसते तर ते त्या दक्षिण समुद्रातून दुसऱ्यांदा गेले नसते, असं मला मनापासून वाटतं.

भरती_ओहोटी:
वाचायला ते शर्यतीत शिकले नाहीत, डोलकाठी. त्याआधीची कित्येक वर्षं ते बंदरामागून बंदर हिंडतच होते.

अनुवादवाट:
सगळ्यांचे आभार. तूर्त प्रकरणाच्या नावात 'शर्यत आणि सफर' लिहिलंय आणि आत जमेल तिथे 'मजल' वापरतेय. 'त्या दिवशीची मजल अकरा मैलांची झाली' हे वाक्य मूळापेक्षाही बरं वाटलं. नाव अजून बदलू शकेन, छपाईला वेळ आहे.

आता क्रियापद. होडी 'चालवली' लिहिलं की मोटार डोळ्यांपुढे येते. वडील 'हाकारली' म्हणतात. हे तरुण वाचकाला कळेल का?

स्वभाषा:
हाकारणे! शिडं उभारून निघणं याला जुन्या मराठीत हाच शब्द. अवश्य ठेवा.

डोलकाठी:
निघण्यापुरता ठेवा. पण निघाल्यावर पुढचे सहा तास होडी काय करता? 'हाकारत राहिलो' म्हणता येत नाही. आम्ही आपसात 'सेल केलं'च म्हणतो.

मूळाक्षर:
'हाकणे' का नको? बैलगाडी हाकतात तशी.

भरती_ओहोटी:
बैल मागून हाकतात. होडीला पुढे नेणारा वारा आपल्या हाकेत कुठे असतो?