नेटवर्क स्विचच्या अलार्म रिलेला बाहेरचा भोंगा कसा जोडावा?

प्रश्न

आमच्या उपकरणकक्षात दोन वीजपुरवठे जोडलेला एक औद्योगिक नेटवर्क स्विच (जाळ्यातील उपकरणे एकमेकांना जोडणारे यंत्र) आहे. त्याच्यावर एन.ओ. (सामान्यतः उघडे), कॉमन (सामाईक) आणि एन.सी. (सामान्यतः जुळलेले) अशी अलार्म रिलेची, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या बटणाची, तीन टर्मिनल आहेत. एखादा वीजपुरवठा बंद पडल्यास किंवा फायबरची लिंक तुटल्यास दाराबाहेरचा २४ व्होल्ट डीसीचा भोंगा वाजावा, अशी अपेक्षा आहे. मात्र मल्टीमीटरने मोजल्यास या टर्मिनलांवर व्होल्टेज मिळत नाही. रिले खराब आहे का, आणि भोंगा कोणत्या दोन टर्मिनलांना जोडावा?

उत्तर १

रिले खराब असण्याची शक्यता कमी आहे. हा ड्राय काँटॅक्ट आहे; म्हणजे दिव्याच्या बटणाप्रमाणे तो केवळ मंडल जोडतो किंवा तोडतो, स्वतः वीज देत नाही. भोंग्यासाठी स्वतंत्र २४ व्होल्टचा पुरवठा घ्यावा, त्याची धन तार फ्यूजमधून रिलेच्या काँटॅक्टला, तेथून भोंग्याला न्यावी आणि ऋण तार थेट भोंग्याला जोडावी. हा पुरवठा बॅटरीवर चालणारा असावा, कारण स्विच आणि भोंगा एकाच पुरवठ्यावर असल्यास वीज जाताच दोन्ही एकदमच गप्प होतात. अशा रिलेची क्षमता पुष्कळदा २४ व्होल्टला १ अँपिअर इतकीच असते. म्हणून भोंग्याचा प्रवाह आधी पाहावा. भोंगा २३० व्होल्टचा असता, तर मध्ये योग्य क्षमतेचा दुसरा रिले बसवावाच लागला असता.

उत्तर २

टर्मिनलांच्या निवडीबद्दल माझे मत ठाम आहे. बहुतेक औद्योगिक स्विचमध्ये सर्व काही सुरळीत असताना रिलेची कॉइल (काँटॅक्ट हलवणारे तारेचे वेटोळे) ऊर्जित असते आणि बिघाड होताच ती सुटते, म्हणजे तिची वीज बंद होते. एन.ओ. आणि एन.सी. ही नावे मात्र कॉइलला वीज नसतानाची स्थिती सांगतात. त्यामुळे भोंगा कॉमन आणि एन.सी. यांमधून घेतल्यास स्विचची वीज पूर्ण गेली तरी तो वाजतो, आणि सूचनेची खरी गरज तेव्हाच असते. तरीही काही उत्पादक ही नावे सुरळीत स्थितीनुसार छापतात. म्हणून छापील खुणेवर न विसंबता स्विच बंद ठेवून कोणती जोडी जुळलेली आहे, हे मल्टीमीटरने तपासावे. लिंक तुटल्याची सूचना त्या पोर्टसाठी सेटिंगमध्ये वेगळी सुरू करावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दुसऱ्या एका स्विचवर दोनच टर्मिनल आहेत आणि बिघाड झाल्यावर ती उघडतात. तेथे काय करावे?

उत्तर ३

त्या काँटॅक्टमधून २४ व्होल्टच्या एका मधल्या रिलेची कॉइल सतत ऊर्जित ठेवावी आणि भोंगा त्या रिलेच्या एन.सी. काँटॅक्टवर घ्यावा. बिघाड होताच कॉइल सुटेल व भोंगा वाजेल. स्विचकडे जाणारी तार तुटली तरीही तो वाजेल, हा मोठा लाभ आहे. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा, म्हणजे पट्टीचे टोक धन बाजूस ठेवून, लावावा. अन्यथा कॉइल सुटताना निर्माण होणाऱ्या उच्च व्होल्टेजमुळे स्विचच्या नाजूक काँटॅक्टवर ठिणगी पडते आणि काही काळाने तो चिकटतो. स्विच सुरू होत असताना भोंगा थोडा वेळ वाजणे स्वाभाविक आहे; ते नको असल्यास टाइमर रिले (ठरावीक वेळाने काँटॅक्ट बदलणारा रिले) वापरावा. शेवटी एकेक वीजपुरवठा, मग दोन्ही आणि नंतर फायबर काढून प्रत्येक वेळी भोंगा वाजतो, याची खात्री करावी.