पांढरा ट्रायकोडर्मा हिरवा का होत नाही: निळ्या उजेडाचं कारण

दादा, ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेला ट्रायकोडर्मा (पिकाला रोगांपासून वाचवणारी बुरशी) पांढराच राहिला, म्हणून ज्वारी नासली का, असं तुम्ही विचारलंत. तुमची ज्वारी नासलेली नाही. केळीसाठी ट्रायकोडर्मा वाढवताना रावेर-यावलकडे उन्हाच्या धाकानं पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात. तिथे बुरशी वाढते, पण हिरवे बीजाणू फार कमी धरते.

तिचा 'डोळा' म्हणजे बीएलआर-१ हे प्रथिन. त्यात फ्लेविन हा उजेड शोषणारा रेणू बसलेला असतो. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड पडला की फ्लेविन प्रथिनातल्या शेजारच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी बंध जोडतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि बीएलआर-२ या जोडीदार प्रथिनाच्या साथीनं बीजाणूंची जनुकं चालू होतात. लाल उजेड फ्लेविन शोषतच नाही, म्हणून लाल बल्ब रात्रभर जाळला तरी उपयोग शून्य. साधा पांढरा एलईडी चालतो, त्यात निळा भाग भरपूर असतो.

दाणे पांढऱ्या जाळ्यानं भरले की पिशवी हलवून पातळ पसरा. ढिगाच्या आतल्या दाण्यांपर्यंत उजेड पोचत नाही. शिवाय तंतू तुटले तरीही ही बुरशी बीजाणू धरते, म्हणजे हलवण्याचा दुहेरी फायदा. मग रोज काही तास उजेड, तापमान २५ ते ३० अंश. थेट ऊन मात्र नकोच, आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नको. हिरवी झाक दीड-दोन दिवसांत दिसू लागते. पिशवीला आंबूस वास आला, दाणे चिकट झाले, तर दोष उजेडाचा नाही, जास्त पाण्याचा आहे. ती पिशवी बागेत टाकू नका.