मदत हवी आहे : बार कौन्सिलच्या चौकशीत भावासाठी वकील

माझा धाकटा भाऊ तालुका कोर्टात वकिली करतो. त्याच्याच जुन्या पक्षकाराने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे. म्हणे, तडजोडीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) न विचारता दाखल केली. पुरसिसवर पक्षकाराची सही आहे, त्या तारखेच्या रोजनाम्यात (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तो हजर असल्याची नोंदही आहे. पण आता तो म्हणतो, मला वाचून दाखवली नव्हती.

प्रकरण अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे गेलंय. तिथे साक्षीपुरावा आणि उलटतपासणी होते, आणि शिक्षा ताकिदीपासून सनद रद्द होण्यापर्यंत काहीही असू शकते. भाऊ मात्र म्हणतो, "मीच माझी बाजू मांडतो." वकिलांचा हा एक हट्टच असतो!

अशी प्रकरणं चालवलेले कुणी मुंबईत किंवा पुण्यात माहीत आहेत का? फी साधारण काय घेतात? रोजनाम्याची नक्कल आत्ताच जोडावी की पुराव्याच्या वेळी? निकाल विरुद्ध गेला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपिलाला ६० दिवस असतात, पण आम्हाला भक्कम माणूस आत्ताच हवाय. नावं कृपया मेसेजमध्ये कळवा.