टाकी भरलेली, तरी वरच्या न्हाणीघरात धार नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर. मध्ये बोअरचं पाणीही त्यातच चढवतो.

खाली १० लिटरची बादली मिनिटभरात भरते. वर तीच बादली भरायला ४ मिनिटं लागतात, गरम पाण्याला त्याहून जास्त. टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम २ मीटर उंच, म्हणजे दाब ०.२ बारच, हे कळतं. पण दिवाळीपर्यंत याच उंचीवर व्यवस्थित धार होती, म्हणजे कुठंतरी अडलंय.

शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, पांढरा थर निघाला, फरक थोडाच. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. पाइप २० वर्षांपूर्वीचे, जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी).

प्लंबर थेट प्रेशर पंप बसवा म्हणतोय. आत गंज-क्षार साचले असतील तर पंपानं जुने सांधे गळतील, अशी मला भीती वाटते.

फरशी न फोडता अडथळा नेमका कुठं आहे, हे कसं शोधायचं? व्हॉल्व्हच आतून अडकला असेल, की पाइपात हवा धरली असेल? आईला जिना उतरवत नाही, त्यामुळे वरचं पाणी लवकर सुरळीत व्हायला हवं. कुणी जीआय काढून सीपीव्हीसीचे (गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे) पाइप टाकले असतील तर अनुभव जरूर सांगा.