स्पेक्ट्रम प्लसवर प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझ्या मामांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक सापडला. संगणक चांगल्या स्थितीत दिसतो, मात्र त्याचा पॉवर सप्लाय मिळाला नाही. मी हिशेबनीस असल्यामुळे आकडेमोडीची सवय आहे, पण प्रोग्रॅमिंग कधी केलेले नाही. आठवीतल्या मुलीसोबत ते शिकावे, अशी मनापासून इच्छा आहे. यंत्र सुरू करताना कोणती काळजी घ्यावी, बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेपासून आरंभ करावा की थेट मशीन कोडकडे, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या सूचनांकडे वळावे आणि पहिला प्रोग्रॅम कशाचा असावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मिरज)

कृपया हाताशी असलेला कोणताही अडॅप्टर त्याला लावू नका. या यंत्राला ९ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, मूळ सप्लाय १.४ अँपिअरचा होता आणि त्याच्या पिनेचे आतले टोक ऋण, तर बाहेरचे धन असते. आज दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट असतात, म्हणून पिन खुपसण्यापूर्वी मल्टिमीटरने ध्रुवता तपासावी. आतल्या पहिल्या १६ केबी मेमरीच्या ४११६ चिपांना ५, १२ आणि उणे ५ अशी तीन व्होल्टेज लागतात. त्यांतील उणे ५ नाहीसे झाले की त्या चिपा जळण्याचा धोका असतो. त्यामुळे यंत्र चालू असताना मागच्या कनेक्टरला काहीही जोडू किंवा काढू नये. काही कळा उमटत नसतील, तर दोष बहुधा कळफलकाखालच्या पातळ प्लॅस्टिक मेम्ब्रेनचा असेल. तो वयोमानाने ठिसूळ होतो आणि बदलता येतो.

हे सगळे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. फ्यूज हा मोफत एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर घेऊन आजच आरंभ करता येईल.

उत्तर २ (गावभाग, सांगली)

बेसिकपासूनच आरंभ करावा, आणि पहिला प्रोग्रॅम असा निवडावा की ज्याचे उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, कारण तसे असले तरच चूक कुठे झाली हे स्वतःला ओळखता येते. आपल्या गावासाठी मला कृष्णेच्या पाणीपातळीचा आलेख सर्वांत योग्य वाटतो.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आलेखासाठी आडवे २५६ आणि उभे १७६ ठिपके मिळतात. एका फुटाला ३ ठिपके धरले, तर २०१९ च्या महापुरातील ५७ फुटांवरची पातळीही पडद्यात बसते. पडद्यावर ८ ठिपके रुंदीच्या आडव्या ३२ चौकटी असल्यामुळे दिवसाला एक चौकट देऊन पूर्ण महिना मावतो. रोजच्या पातळ्या डेटा या आज्ञेच्या ओळीत लिहाव्यात, फॉर-नेक्स्ट या पुनरावृत्तीच्या फेऱ्यात रीडने एकेक आकडा घ्यावा आणि प्लॉट (ठिपका) व ड्रॉ (रेषा) वापरून तेवढ्या उंचीचा खांब काढावा.

या यंत्राची खरी ओळख रंग भरताना होते. येथे रंग प्रत्येक ठिपक्याला नसून ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीला असतो आणि एका चौकटीत एक शाईचा (ठिपक्यांचा) व एक कागदाचा (पार्श्वभूमीचा) असे दोनच रंग राहतात. त्यामुळे चौकटीच्या मध्येच रंग बदलला, तर आधी काढलेला भागही नव्या रंगाचा होतो. सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. आपल्या मापाने ४० फूट म्हणजे १२० ठिपके, अर्थात बरोबर १५ चौकटी, आणि ४५ फूट म्हणजे १३५ ठिपके, अर्थात १७ चौकटींना केवळ एक ठिपका कमी. म्हणून हिरवा, पिवळा आणि लाल हे तिन्ही पट्टे एकमेकांत न मिसळता काढता येतात. आलेखाच्या वहीत ही आकडेमोड करताना मला फार आनंद झाला होता, आणि तुमच्या मुलीनेही ती आधी कागदावरच करावी, असे आग्रहाने सुचवतो.

मशीन कोडची गरज पुढे आपोआप जाणवेल. पडद्याचे ६१४४ बाइट बेसिकमधून पोकने (मेमरीत थेट आकडा लिहिणाऱ्या आज्ञेने) भरायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो, तर झेड८० या स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरची एलडीआयआर ही बाइटांची प्रत करणारी एकच सूचना ते काम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात करते.

उत्तर ३ (निवृत्त शिक्षक, सातारा)

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास प्रकल्प सुरू केला, त्यातील बीबीसी मायक्रो या संगणकावर मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. त्या बेसिकमध्ये एल्स (‘नाहीतर’) होते आणि स्वतःच्या प्रोसीजर, म्हणजे नाव दिलेले उपप्रोग्रॅम, लिहिता येत. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये दोन्ही नाहीत, तिथे गोसबवर, म्हणजे ठरावीक ओळीवरच्या उपप्रोग्रॅमकडे जाऊन परतणाऱ्या आज्ञेवर, भागवावे लागते आणि किंमत देताना लेट लिहिणे सक्तीचे असते. ओळींचे क्रमांक बदलून देणारी आज्ञाही नाही. म्हणून ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यावेत आणि इशारा, धोका अशा प्रत्येक कामाची गोसब १००० च्या पटीत ठेवावी.

शब्द अक्षरे जोडून टाइप करायचे नसतात, हेही मुलीला आधी सांगावे. पडद्यावर के हे अक्षर कर्सर म्हणून लुकलुकत असताना पी दाबले की पूर्ण प्रिंट उमटतो, क्यू दाबले की प्लॉट. रीड आणि डेटासाठी एक्स्टेंड मोडची कळ दाबून अनुक्रमे ए आणि डी दाबावे. कॅसेटवर सेव्ह केल्यावर व्हेरिफायने नोंद नीट झाली की नाही हे तपासल्याशिवाय यंत्र कधीही बंद करू नये.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मिरजेच्या सूचनेप्रमाणे मल्टिमीटर लावला, तेव्हा घरातील दोन्ही अडॅप्टरांचे आतले टोक धन निघाले. योग्य सप्लाय मिळेपर्यंत काम एम्युलेटरवर चालू आहे. काल रात्री हिरवे आणि पिवळे खांब व्यवस्थित आले, पण शेवटी ‘आउट ऑफ डेटा’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम थांबला. मुलीने डेटा ओळीतील आकडे मोजले, ते ३० भरले. एका दिवसाची पातळी लिहायची राहिली होती. ती घातल्यावर ३१ खांब पूर्ण झाले, आणि उजवीकडे उरलेल्या बत्तिसाव्या चौकटीत आता तिला फुटांचे आकडे लिहायचे आहेत.