अनुभव धागा: सीनियर झाल्यावर कोडिंगचा हात राहिला का?

गेल्या महिन्यात आर्किटेक्टच्या जागेसाठी मुलाखती घेतल्या. एकजण मायक्रोसर्व्हिसेसवर (मोठं सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र भागांत बांधणं) अर्धा तास फार छान बोलला. मग तीस ओळींचा कोड पुढे ठेवला आणि चूक कुठे आहे ते विचारलं, तर म्हणाला, "हे माझी टीम बघते." घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं, कारण दोन वर्षं मीही फक्त मीटिंगांमध्येच आहे. तुमचं काय? सविस्तर लिहा.

खराडी, १९ वर्षांचा अनुभव
रात्री पावणेदोनला फोन आला, पेमेंट बंद. कॉलवर अकरा जण. कुणी सर्व्हर रीस्टार्ट करा म्हणत होतं, कुणी नेटवर्क टीमला उठवा. मी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उघडल्या. ऑडिट टेबलात एंट्री करताना 'ड्युप्लिकेट एंट्री' येत होतं आणि पुढे आकडा होता २१४७४८३६४७. तो पाहिला आणि पोटात गोळा आला. साइन्ड ३२ बिट इंटिजर या आकड्याच्या प्रकारात मावणारी ही शेवटची, सगळ्यात मोठी संख्या. मायएसक्यूएल डेटाबेसमधला आयडीचा कॉलम भरला होता! एवढ्या मोठ्या टेबलाचा कॉलम बिगइंट (याहून मोठे आकडे मावणारा प्रकार) करायला कित्येक तास लागले असते. म्हणून बिगइंटचं नवं रिकामं टेबल केलं, जुन्याचं नाव बदललं आणि त्या जागी नवं बसवलं. जुनी माहिती नंतर सावकाश हलवली. मी पूर्वी स्वतः टेबलं बांधली नसती, तर तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडाच राहिला असता.

मगरपट्टा, १४ वर्षं
थोडं वेगळं मत. माझ्याकडे चार टीम आहेत. मी एखादं फीचर अंगावर घेतलं की ते हमखास रखडतं आणि पोरं माझ्यासाठी खोळंबतात. म्हणून फीचर घेत नाही, पण रोज सकाळी एक तास कोड वाचतो. तो तास मी कुणालाही देत नाही.

श्टुटगार्ट, १२ वर्षं
पुण्यात आठव्या वर्षी लीड झाले. पगाराची पुढची पायरी मॅनेजरचीच, आणि घरचेही विचारायचे, "अजून कोडच लिहितेस का गं?" इथे जर्मनीत आले तर शेजारच्या टेबलावर पंचावन्न वर्षांचे गृहस्थ दिवसभर सी++ लिहितात आणि सगळे त्यांना मानतात. पहिले तीन महिने फार जड गेले. युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या लहान तुकड्याची चाचणी, तीसुद्धा पुन्हा शिकावी लागली. आपल्याकडे चांगल्या प्रोग्रामरला बढती म्हणून प्रोग्रामिंगपासूनच तोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाशिकहून वर्क फ्रॉम होम, १६ वर्षं
एआयमुळे तर कोडिंगचा हात जास्तच लागतो. परवा ज्युनियरने एआयकडून लिहून घेतलेला कोड रिव्ह्यूला आला. नावं नीट, कॉमेंट नीट, टेस्ट पास. पण लूपच्या आत प्रत्येक ऑर्डरसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी, म्हणजे माहितीची वेगळी मागणी. टेस्टमध्ये वीसच ऑर्डरी होत्या, म्हणून काही जाणवलं नाही. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, हजारो आहेत. त्याला शेजारी बसवल्यासारखं स्क्रीन शेअर करून क्वेरी मोजायला लावल्या. एकविसावी दिसली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "दादा, जॉइन करायला हवं होतं." म्हणजे सगळ्या ऑर्डरींची माहिती एकाच क्वेरीत जोडून आणायला.

धागाकर्ता
सगळं वाचून शनिवारी आमच्या प्रोजेक्टचा कोड लॅपटॉपवर घेतला. माझ्याकडची जावाची आवृत्ती जुनी होती, बिल्ड व्हायलाच दुपार गेली. सोमवारी एक लहानसा बग माझ्या नावावर घेतलाय, रिव्ह्यू टीममधली सगळ्यात नवी मुलगी करणार आहे.